लीजवरची सदोष गाडी आणि न्यू जर्सीचा लेमन लॉ

न्यू जर्सीत लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, घेतलेली नवी गाडी पुन्हापुन्हा बिघडू लागली, की आपल्या माणसांकडून साधारण दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, गाडी आपली थोडीच आहे, तीन वर्षे कशीबशी काढायची आणि किल्ल्या परत करायच्या. दुसरा म्हणतो, हप्ते भरणे बंद करा, म्हणजे कंपनी आपोआप ताळ्यावर येईल. पहिला सल्ला ऐकणारा स्वतःचा हक्क सोडून देतो आणि दुसरा ऐकणारा स्वतःचे नुकसान करून घेतो. लीजवर गाडी घेणाऱ्यालाही या राज्याचा लेमन लॉ, म्हणजे नव्या सदोष गाड्यांसाठीचा कायदा, पूर्ण ग्राहक मानतो आणि हप्ते नियमित भरत राहूनही गाडी उत्पादक कंपनीला परत घ्यायला लावता येते, हे मी त्या प्रक्रियेतून स्वतः गेल्यामुळे खात्रीने सांगू शकते. मात्र तिथे बाजू टिकते ती कागदांवर, आणि तो कागद दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी तयार व्हावा लागतो.

आमची गाडी टर्बो इंजिनाची, मध्यम आकाराची एसयूव्ही होती. लीज ३६ महिन्यांचे होते, वर्षाला १२,००० मैलांची मर्यादा होती आणि करार माझ्या नावावर होता. गाडीचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, फायनान्स कंपनीकडे, रजिस्ट्रेशन आणि विमा माझ्याकडे, अशी ही नेहमीची व्यवस्था होती. गाडी घरी आल्यावर काही आठवड्यांतच ती जोरात वेग घेताना मध्येच ताकद सोडू लागली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नसे, इंजिनाचा दिवा लागे, आणि गाडी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली की जणू काही झालेच नाही अशी चाले. आयझलिनच्या १३१ क्रमांकाच्या एक्झिटजवळून गार्डन स्टेट पार्कवेवर चढताना हे पहिल्यांदा गंभीरपणे घडले, तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या होत्या. "अगं, बाजूला घे, मागून गाड्या येतायत," असे त्या म्हणाल्या आणि मी धोक्याचे दिवे लावून गाडी कशीबशी कडेला घेतली. पासष्ट-सत्तर मैलांच्या वेगाने वाहणाऱ्या रस्त्यात शिरताना तीस-पस्तिसाच्या वर न जाणारी गाडी म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते पुढे कळले.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक काका राहतात. त्यांनी या देशात अनेक वर्षे वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम केले आहे. गाडी डीलरकडे नेण्याआधी मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "हे बघ बेटा, तिथे तू तोंडाने काय सांगतेस याला काही अर्थ नाही. रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, काय छापलं जातं, तेच पुढे वाचलं जाणार आहे. तुझं वाक्य तू लिहून ने."

सर्व्हिस काउंटरवरच्या मुलाने टॅबलेटवर माझी तक्रार नोंदवली आणि सहीसाठी स्क्रीन माझ्यापुढे केली. 'ग्राहकाचे म्हणणे' या ओळीत त्याने फक्त 'इंजिनाचा दिवा तपासणे' एवढेच लिहिले होते. मी सही न करता त्याला सांगितले, की माझी तक्रार दिव्याची नाही, महामार्गावर गाडीची ताकद जाते ही आहे. तो म्हणाला, तंत्रज्ञाला मी तोंडी सांगतो. मी घरून लिहून आणलेले वाक्य त्याच्यासमोर ठेवले: महामार्गावर प्रवेश करताना गाडी अचानक ताकद सोडते, वेग ३५ मैलांच्या वर जात नाही, इंजिनाचा दिवा लागतो, हे वारंवार घडले आहे. त्याने ते जसेच्या तसे टाइप केले, मी वाचले आणि मगच सही केली. गाडी आत घेतल्याची तारीख आणि त्या क्षणीचे ओडोमीटरचे मैलही त्यावर बरोबर आले आहेत ना, ते पाहिले. परत नेतानाही या दोन्ही नोंदी कागदावर असाव्या लागतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर असा तपशीलवार, वाचता येईल असा कागद ग्राहकाला देणे न्यू जर्सीत डीलरवर बंधनकारक आहे. काहीच दुरुस्ती केली नाही, म्हणून कागद नाही, असे उत्तर मिळाले तर ते मुळीच मान्य करू नये.

पहिल्या खेपेला गाडीने डीलरकडे काहीच त्रास दिला नाही. दोष आढळला नाही, सॉफ्टवेअर अद्ययावत केले, असा शेरा मिळाला. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषांचे नेहमी हेच होते आणि बहुतेक लोक इथेच खचतात. वास्तविक 'दोष आढळला नाही' असा शेरा असलेला कागदही दुरुस्तीची एक संधी दिल्याचा पुरावाच असतो, कारण त्याच्या पहिल्या ओळीत आपली तक्रार नोंदलेली असते.

थोड्याच दिवसांत दोष परत आला. या वेळी मी वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा कोड रीडर आणून ठेवला होता. स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये तो लावला, की गाडीच्या संगणकात साठलेला दोषाचा कोड वाचता येतो. कोड आला पी-००८७, म्हणजे इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) दाब प्रमाणापेक्षा कमी. कोडपेक्षाही मोलाची गोष्ट त्याच्या शेजारी होती. दोष नोंदला जातो त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती होते, त्यावर भार किती होता, हे आकडे संगणक गोठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या पडद्याचे फोटो मी काढले. डीलरकडे तंत्रज्ञ कोड पुसून टाकतात आणि त्याबरोबर हे आकडेही जातात. म्हणून कोड पुसण्याआधी हे आकडे छापून रिपेअर ऑर्डरला जोडावेत, अशी विनंती मी लेखी केली आणि त्यांनी ती मान्य केली. त्या खेपेला दाबाचा सेन्सर बदलला गेला, त्यासाठी गाडी बरेच दिवस त्यांच्याकडे राहिली आणि आम्ही भाड्याच्या गाडीवर काम चालवले. त्या भाड्याच्या पावत्याही त्याच फायलीत गेल्या.

याच सुमारास कायदा नीट वाचून काढला. अमेरिकेत वॉरंटीविषयीचा संघराज्याचा कायदा १९७५ पासून आहे, पण नव्या सदोष गाड्यांसाठी खास कायदा करणारे पहिले राज्य कनेटिकट, १९८२ साली. त्यानंतर इतर राज्यांनी आपापले कायदे केले. म्हणून कॅलिफोर्नियातल्या मित्राचा अनुभव न्यू जर्सीत जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. न्यू जर्सीत गाडी ताब्यात आल्यापासून दोन वर्षे किंवा २४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तेवढ्या काळात उद्भवलेला आणि डीलरला कळवलेला दोष या कायद्यात बसतो. दोषामुळे गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता लक्षणीय प्रमाणात कमी झालेली असावी लागते. एकाच दोषासाठी तीन किंवा अधिक वेळा दुरुस्ती होऊनही तो राहिला, किंवा दुरुस्तीपायी गाडी एकूण २० किंवा अधिक दिवस हाताबाहेर राहिली, तर वाजवी संधी देऊनही कंपनीला दोष दूर करता आला नाही, असे कायदा गृहीत धरतो. जिवावर बेतू शकेल किंवा गंभीर इजा होऊ शकेल अशा दोषासाठी एकच प्रयत्न पुरतो. लीजवरची गाडी स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. ग्राहकाने केलेली हयगय किंवा परस्पर केलेले फेरफार यांमुळे आलेला दोष मात्र चालत नाही, म्हणून तेल बदलल्याच्या पावत्यासुद्धा जपाव्या लागतात.

सेन्सर बदलूनही दोष कायम राहिला, तेव्हा डीलरच्या विक्री विभागातून एका गृहस्थांचा अगत्याचा फोन आला. या गाडीचा त्रास कशाला सोसता, हे लीज आम्ही मोडून देतो आणि नव्या मॉडेलचे लीज करून देतो, महिन्याला थोडेसेच जास्त पडतील, असे ते म्हणाले. या प्रस्तावाबद्दल मला अजूनही राग आहे. लीज मध्येच मोडले, की फायनान्स कंपनीला देणे असलेली शिल्लक आणि गाडीची बाजारातली किंमत यांत बऱ्याचदा हजारो डॉलरची तफावत निघते. ती तफावत नव्या लीजच्या रकमेत मिसळून टाकतात आणि ग्राहक सदोष गाडीचा तोटा पुढची तीन वर्षे हप्त्याहप्त्याने स्वतः भरत राहतो. शिवाय गाडी हातातून गेली, की दावाही लंगडा पडतो. आपल्याकडच्या अनेक तरुण जोडप्यांनी हाच मार्ग सुटका म्हणून स्वीकारलेला मी पाहिला आहे.

कायद्यानुसार पुढची पायरी कंपनीला नोटीस देण्याची होती. ही नोटीस डीलरला देऊन चालत नाही. ती उत्पादक कंपनीला, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह जावी लागते, आणि पत्ता वॉरंटीच्या पुस्तिकेत असतो. एकाच दोषासाठी दोन वेळा दुरुस्ती झाल्यावर ती देता येते, आणि पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत दोष दूर करण्याची एक अखेरची संधी कंपनीला मिळते. मी पत्रात विशेषणे टाळली. गाडीचा विन (ओळख) क्रमांक, लीजची तारीख, दुरुस्तीच्या तारखा आणि मैल, दोषाचे एका परिच्छेदात वर्णन, फ्रीझ फ्रेममधला वेग, आणि हा दोष महामार्गावर जिवाला धोका निर्माण करणारा आहे हे वाक्य, एवढेच लिहिले. पत्र पोचल्याचे हिरवे कार्ड सहीनिशी टपालाने परत आले, तेव्हा त्याची प्रत काढून मूळ कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले. वाहन सुरक्षेच्या संघीय संस्थेकडेही, म्हणजे एनएचटीएसएकडे, मी स्वतंत्र तक्रार नोंदवली. त्यातून वैयक्तिक भरपाई मिळत नाही, पण एकाच दोषाच्या तक्रारी वाढल्या तर रिकॉलचा, म्हणजे त्या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा, विचार तिथूनच सुरू होतो.

नवऱ्याच्या कार्यालयातले एक सहकारी या टप्प्यावर मनापासून काळजीने म्हणाले, की एच-१बीवर असताना कंपन्यांशी भांडणात पडू नका, पुढे ग्रीन कार्डला अडचण येईल. ही भीती आपल्या लोकांत खोलवर बसलेली आहे आणि तिचा फायदा समोरच्याला मिळतो. ग्राहक म्हणून केलेला दावा हा दिवाणी मामला आहे, त्यात गुन्ह्याचा संबंध नाही, आणि राज्याच्या अर्जावर व्हिसाचा साधा रकानासुद्धा नव्हता. ज्या करारावर आपली सही चालते, त्या कराराखालचा हक्कही आपल्याला चालतो.

फायनान्स कंपनीलाही मी लेखी कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: दोषाबद्दल उत्पादकाशी बोलावे आणि हप्ते चालू ठेवावेत. रूक्ष असले तरी ते बरोबर होते. हप्ता थांबवला की करार मोडणारा पक्ष आपण ठरतो, गाडी ओढून नेण्याचा हक्क त्यांना मिळतो, आणि ज्या क्रेडिटवर पुढे घर, दुसरी गाडी, मुलांच्या शिक्षणाचे कर्ज अवलंबून असते, त्यालाच धक्का बसतो.

अखेरच्या संधीत कंपनीने आपला क्षेत्रीय अभियंता डीलरकडे पाठवला आणि उच्च दाबाचा इंधन पंप बदलला. गाडी काही काळ खरोखर चांगली चालली. नंतर पावसाळी संध्याकाळी रूट १ वर पुन्हा तेच झाले आणि या वेळी ती टो करून न्यावी लागली. टो ट्रकच्या पावतीवर जागा, वेळ आणि कारण लिहून घेतले.

इथून तीन मार्ग असतात: कंपनीची स्वतःची तंटा निवारण योजना, वकिलामार्फत न्यायालय, किंवा राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागातला लेमन लॉ कक्ष. वकिलाचा मार्ग वाटतो तितका महाग नाही, कारण ग्राहक जिंकला तर वकिलाची वाजवी फी कंपनीला द्यावी लागते आणि म्हणूनच अनेक वकील ग्राहकाकडून आधी काही घेत नाहीत. दोष किचकट असेल, कागद अपुरे असतील किंवा इंग्रजीत उलटतपासणीला उत्तरे देण्याचे दडपण येत असेल, तर वकील जरूर करावा. माझे कागद पक्के होते, म्हणून मी न्यूअर्कच्या लेमन लॉ कक्षाचा मार्ग निवडला. अर्जासोबत लीजचा करार, रजिस्ट्रेशन, सगळ्या रिपेअर ऑर्डर, नोटिशीची प्रत आणि हिरवे कार्ड जोडले. कक्षाने कागद तपासून अर्ज स्वीकारार्ह ठरवला, की ५० डॉलर शुल्क भरायचे असते आणि मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशांपुढे सुनावणीला जाते.

पुण्यातल्या माझ्या चुलतभावाला हे सगळे सांगितले तेव्हा त्याने विचारले, की आपल्याकडे असे काही आहे का. भारतात नव्या सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण तिथे किती दुरुस्त्यांनंतर गाडी सदोष मानायची याचे ठरलेले मोजमाप नसल्यामुळे उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचे बरेचसे ओझे ग्राहकावर आणि तज्ज्ञाच्या अहवालावर पडते. न्यू जर्सीच्या कायद्याचे बळ त्या मोजमापात आहे.

सुनावणीच्या आधी कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव आला: काही महिन्यांचे हप्ते परत आणि वाढीव वॉरंटी. मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा ३६,००० मैलांची आणि लीजही तेवढ्याच मुदतीचे असताना, लीजवाल्याला वाढीव वॉरंटीचा उपयोग शून्य असतो. त्याबरोबर सहीसाठी आलेल्या मसुद्यात या गाडीबद्दलचे सगळे दावे कायमचे सोडत असल्याचे कलम होते. मी नम्रपणे नकार कळवला.

सुनावणी शपथेवर झाली, पण वातावरण चित्रपटातल्या न्यायालयासारखे मुळीच नव्हते. एक खोली, एक टेबल, न्यायाधीश बाई, कंपनीचा प्रतिनिधी, मी आणि साक्षीदार म्हणून नवरा. प्रतिनिधींचा भर एकाच मुद्द्यावर होता: गाडी हजारो मैल चाललेली आहे, म्हणजे वापरात मोठी अडचण नाही. न्यायाधीशांनी मला विचारले, की तुम्ही पार्कवेवरून जाता का. मी सांगितले, की आता जात नाही, रूट २७ वरून आतल्या रस्त्यांनी जाते आणि रोज जास्तीचा वेळ घालवते. मग त्यांनी फ्रीझ फ्रेमचा कागद पुढे ओढून वेगाचा आकडा वाचला आणि प्रतिनिधींना विचारले, की दाबाचा हाच कोड सेन्सर बदलल्यानंतर आणि पंप बदलल्यानंतरही परत का आला. त्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. निर्णय माझ्या बाजूने लागला आणि विभागाच्या संचालकांनी तो कायम केला.

भरपाईचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. भरलेले हप्ते, सुरुवातीला दिलेली रक्कम, नोंदणीचे शुल्क, गाडी टो करण्याचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्च ग्राहकाला परत मिळतो आणि फायनान्स कंपनीची शिल्लक उत्पादक परस्पर भागवतो. ग्राहकाच्या रकमेतून वापराची वजावट होते, पण ती गाडी परत करतानाच्या मैलांवर होत नाही. या दोषासाठी गाडी पहिल्यांदा दुरुस्तीला नेली तेव्हाचे मैल, गुणिले लीजच्या करारातली गाडीची किंमत, भागिले १,००,००० असे हे सूत्र आहे. ३६,००० डॉलरची गाडी ३,००० मैलांवर दाखवली असेल तर वजावट १,०८० डॉलर होते, आणि १५,००० मैलांपर्यंत वाट पाहिली तर तीच ५,४०० होते. दोष पहिल्यांदा जाणवला त्याच आठवड्यात तो कागदावर आणण्याचे मोल या दोन आकड्यांत दिसते.

गाडी सुपूर्द करताना ओडोमीटरचा फोटो काढला, ई-झीपासचा (टोल भरण्याचा) टॅग आणि नंबर प्लेट काढून घेतल्या, प्लेट मोटार वाहन विभागात जमा केल्या आणि त्यानंतरच विमा रद्द केला. कंपनीने अशी परत घेतलेली गाडी पुन्हा विकायची असेल, तर टायटलवर तशी नोंद करून पुढच्या खरेदीदाराला लेखी सांगणे या राज्यात सक्तीचे आहे. स्वस्तात जुनी गाडी शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी टायटलवरची ती नोंद आवर्जून पाहावी, कारण किंमत कमी असण्याचे कारण बऱ्याचदा तिथेच लिहिलेले असते.

गाडी गेल्यावरही एक हप्ता खात्यातून आपोआप वळता झाला, कारण लीज बंद झाल्याचे लेखी पत्र हाती येईपर्यंत मी ती व्यवस्था मुद्दाम चालू ठेवली होती. ती रक्कम पत्रासोबत परत आली. त्यानंतर कर्जफेडीचा इतिहास नोंदवणाऱ्या तिन्ही संस्थांचे क्रेडिट रिपोर्ट मागवून पाहिले. लीजचे खाते पूर्ण भरणा होऊन बंद झाल्याचे आणि एकही हप्ता थकला नसल्याचे तिन्हींवर नोंदलेले होते. पुढे आम्ही घराच्या कर्जासाठी अर्ज केला, तेव्हा बँकेने या खात्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.